मितानाच्या पाऱ्यातले बावीस फॉर्म

बावीस फॉर्म भरून झाले होते आणि बावीसही फॉर्मांवर सात नंबरच्या प्रश्नाला एकच उत्तर होतं. प्रश्न असा होता: कोणत्या शेतात कोणतं बी पेरायचं हे घरात कोण ठरवतं? उत्तर: पुरुष.

मॅडम मागच्या सीटवर बसून फॉर्म उलटत होत्या.

"काका, एक तरी बाई 'मी ठरवते' म्हणाली का हो?"

"नाही म्हणाली."

"दोघं मिळून?"

"तेही नाही."

"मागच्या दोन गावांत तर भरभरून बोलल्या. इथेच काय झालं?"

रस्त्यावर चिखल होता. मी बोलेरो दुसऱ्या गियरमध्ये टाकली. मला खरंच माहीत नव्हतं. दोन दिवसांनी समजलं की गडबड माझीच होती.

मी ड्रायव्हर आहे. राहतो रायपूरला, गुढ़ियारीत. वडील गोंदियाकडून मालधक्क्यावर हमालीला आले आणि इथेच राहिले. माझी शाळा चौथीपर्यंत. ट्रक चालवला, टॅक्सी चालवली, आता म्हातारपणी ही भाड्याची बोलेरो. मॅडम साताऱ्याकडच्या. ब्राह्मणपाऱ्यात खोली घेऊन राहतात. त्यांच्या गल्लीत बोलेरो शिरत नाही, म्हणून मी मोठ्या रस्त्यावर उभा राहतो आणि त्या फायली सांभाळत चालत येतात. त्या पोस्टडॉक आहेत. पोस्टडॉक म्हणजे काय, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "पीएच.डी. झाली, नोकरी नाही झाली, मधल्या वेळात अजून एक संशोधन," असं त्यांनी सांगितलं. विषय इंग्रजीत लांबलचक आहे. मला समजला तो असा: पाऊस बिघडला. कधी उशिरा येतो, कधी मधेच महिनाभर गायब होतो. तर लहान शेतकरी त्यावर काय उपाय करतो, त्यातलं बाई काय करते, बाप्या काय करतो, आणि शब्द कोणाचा चालतो.

मॅडमला छत्तीसगढ़ी येत नाही. मला येते. म्हणून गाडीसोबत दुभाष्याचं कामही माझ्याकडे आलं. त्यांच्या कागदावर त्याला इंटरप्रिटर म्हणतात. मॅडम मराठीत विचारणार, मी छत्तीसगढ़ीत विचारणार, उत्तर उलट्या वाटेनं येणार. मी शिकलेला नाही, पण बोलणं इकडचं तिकडे न्यायला शाळा लागत नाही, असं मला वाटत होतं.

आधीच्या दोन गावांत काम झकास झालं. तिथे मी सगळ्यांचा कका होतो, म्हणजे काका. बाया माझी टिंगलही करायच्या. एकीनं विचारलं, "कका, घर म कोन कोन हे?" मी म्हटलं, कोणी नाही, बायको वारली. तर दुसरी म्हणते, "एक ठन डोकरी खोज देबो का?" म्हातारी शोधून देऊ का! सगळ्या खोखो हसल्या. मीही हसलो. अशा हसण्यातच मॅडमचे फॉर्म भरून होत होते.

तिसरं गाव आरंगच्या पुढे, महानदीच्या अलीकडे. नाव लिहीत नाही. तिथे मला मितान भेटला.

मितान म्हणजे साधा मित्र नव्हे. छत्तीसगढ़मध्ये दोन माणसं ठरवून, देवासमोर, चार लोकांसमोर मितान होतात. नारळ बदलायचे, एकमेकांना टिळा लावायचा. त्यानंतर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, मितानच म्हणायचं. जात आडवी येत नाही. हे नातं मरेपर्यंत तुटत नाही. पहिल्या भेटीतच त्या माणसाशी माझं जमलं. माझ्याच वयाचा, दोन भावांतला थोरला. त्यानं मला जेवायला बसवलं, सगळं विचारलं, आणि म्हणाला, "मितान बदबो?" मितान होऊ या का? मी हो म्हटलं, आणि आम्ही नारळ बदलले.

काहून म्हटलं, ते सांगतो. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा भिलाईला असतो. घरात बोलतो तो फक्त टीव्ही. कोणी आपलं म्हणतो म्हटल्यावर मी मागचं पुढचं पाहिलं नाही. वर असंही वाटलं, की आता या गावात आपलं घर झालं, मॅडमचं काम सोपं होईल.

झालं उलटंच. मितानाच्या पाऱ्यात, म्हणजे त्याच्या मोहल्ल्यात, आम्ही फॉर्म घेऊन फिरलो. बाया यायच्या, पदर नाकापर्यंत ओढायच्या, अंग चोरून बसायच्या. मी काहीही विचारलं की "हव". हव म्हणजे हो. बी आदमी ठरवतो? हव. नांगरट आदमी ठरवतो? हव. मी मॅडमला म्हटलं, इथल्या बाया लाजाळू आहेत.

सोमवारी फॉर्म संपले. बुधवारी आम्ही पुन्हा गेलो, ते ट्रायल प्लॉट नक्की करायला. ट्रायल म्हणजे पुढच्या पावसाळ्यात कंपनीचं एक नवीन बी काही शेतांत पेरून पाहायचं. पाणी कमी पडलं तरी तग धरणारं बी, असं त्याबद्दल सांगत होते. नियम असा, की त्या घरात बी जो ठरवतो त्याची सही घ्यायची. फॉर्मवर सगळीकडे पुरुष लिहिलं होतं, म्हणून सह्या पुरुषांच्या. शुक्रवारी दुपारपर्यंत यादी पाठवायची होती. मॅडमचे मोठे सर दिल्लीला बसतात. त्यांचं एकच म्हणणं होतं की प्लॉट रस्त्याच्या कडेला पाहिजे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला बोर्ड दिसेल.

मितानाच्या घराचा टिकरा बरोबर रस्त्याला लागून आहे. टिकरा म्हणजे उंचावरची जमीन, तिथे पाणी थांबत नाही. खाली तलावाच्या अंगाला त्यांच्या डोल्या आहेत, म्हणजे बांध घातलेली खोलगट शेतं. तिथे पाणी राहतं. मी येता-जाता पाहिलं होतं. भादव्याचे दिवस. डोलीतला धान अजून नुसता हिरवा होता, आणि टिकऱ्यातला निसवला होता. निसवला म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या होत्या. आमच्या भंडारा-गोंदियाकडे अशा लवकर येणाऱ्याला हलका धान म्हणतात. असा धान दसऱ्याच्या आसपास कापून होतो. जुना तांदूळ संपलेला असतो आणि भारी धान यायला वेळ असतो. मधल्या महिन्यात घर ह्याच्यावर जेवतं.

आम्ही परछीत, म्हणजे ओसरीत बसलो. मितान, त्याचा धाकटा भाऊ, मॅडम आणि मी. मितान म्हणाला, "टिकरा ले लव. सड़क तीर हे."

मॅडमनं मला विचारायला लावलं, "हे नवं बी टिकऱ्यातल्यापेक्षा महिनाभर जास्त घेईल. तोवर तिथे ओल राहील का?"

"रइही, रइही," मितान म्हणाला.

तेवढ्यात आतून झाकण आपटल्याचा आवाज आला. पातेल्यावरचं झाकण. थोडं थांबून पुन्हा, आणखी जोरात.

मॅडम म्हणाल्या, "आत काही पडलं का?"

"बिलई होही," मितान म्हणाला. मांजर असेल. धाकटा भाऊ मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला. आत त्याची बायको होती, बिसाहिन. सोमवारी माझ्यासमोर बसून तिनं अकरा वेळा हव म्हटलं होतं.

मांजर नव्हतं. हा आवाज मी तीस वर्षं ऐकला आहे.

माझी बायको माझ्या थोरल्या भावासमोर बोलत नव्हती. भासऱ्यासमोर बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, ही तिच्या माहेरची शिस्त. भाऊ आला की ती स्वयंपाकघरातून भिंतीशी बोलायची. "भिंतीबाई, पाहुण्यायले इचार, मीठ बरोबर हाय काय." आम्ही हसायचो. भाऊ काही भलतं बोलला आणि तिला पटलं नाही, की ती झाकण आपटायची. एकदा माझ्या मुलीबद्दल भाऊ म्हणाला, पोट्टीची आठवी झाली, आता शाळा बस झाली. आत झाकण आपटलं. मला समजलं होतं. मी न समजल्यासारखं केलं. ती पोट्टी आज बीरगांवला फॅक्टरीत पॅकिंगला जाते. बायकोनं नंतर कधी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. आता काढायला ती नाही.

परछीत बसल्या बसल्या मी नात्यांचा हिशेब लावला. थोरला माझा मितान. म्हणजे त्याचं जे नातं तेच माझं. म्हणजे मी बिसाहिनचा भासरा झालो. तिचाच काय, पाऱ्यातल्या निम्म्या सुनांचा मी भासरा, इकडच्या भाषेत जेठ, आणि उरलेल्यांचा सासरा. आणि तोच जेठ समोर बसून विचारतो, घरात शब्द कोणाचा चालतो!

मितान पेन घेऊन सहीला तयार होता. मी मॅडमला मराठीत म्हटलं, "आज सही नोका घेऊ. गाडीत सांगतो."

गाडीत बसल्यावर सगळं सांगितलं. मॅडमनं चष्मा काढला.

"काका, तुम्ही मितान झालात हे मला माहीत होतं. त्याचा असा अर्थ होतो हे तुम्ही का नाही सांगितलं?"

"माह्या ध्यानातच नाही आलं."

"बावीस फॉर्म, काका!"

"हो. बावीस."

"आणि मी इथल्या बायकांना शेतीत आवाज नाही असं अर्धं लिहूनसुद्धा टाकलंय."

"ते खोडा."

त्या मला रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. तिथूनच त्यांनी दिल्लीला सरांना फोन लावला. स्पीकरवर.

सर म्हणाले, "देखिए, डेटा जो है सो है. दोबारा पूछेंगे तो जवाब बदलेगा ही."

"सर, जवाब इसलिए वैसा है क्योंकि पूछनेवाला उनका जेठ है."

"ड्राइवर जेठ कैसे हो गया?"

मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. मी समोर रस्त्याकडे पाहिलं. "लंबी कहानी है, सर," त्या म्हणाल्या. "मुझे सिर्फ कल का दिन चाहिए."

"शुक्रवार दोपहर, बारह बजे. उसके बाद लिस्ट जाएगी."

फोन ठेवून मॅडम म्हणाल्या, "आता सांगा. मितानकी मोडता येते का?"

"नाही. मेल्यावरच."

"मग?"

मी म्हटलं, मी पाऱ्यात पाय ठेवत नाही. गाडी तलावापलीकडे लावतो. आणि विचारायला गावाची सून नको, गावाची बेटी घ्या. बेटीला माहेरात पदर नाही, लाज नाही. मितानाची धाकटी बहीण दुलारी नवऱ्याला सोडून माहेरी आली आहे. हिंदी चांगलं बोलते, आणि तिच्या तोंडाला सगळा पारा भितो.

"पण ती त्यांची नणंद ना? नणंदेसमोर तरी बोलतील?"

"भांडतील. भांडताना बाई खरं बोलते."

मॅडमनं हे वहीत लिहून घेतलं. का ते मला माहीत नाही.

गुरुवारी सकाळी निंदाई चालू होती. निंदाई म्हणजे धानातलं तण काढणं. पाण्यात वाकून दिवसभर. हे काम बायाच करतात, त्यामुळे खारात, म्हणजे गावाबाहेरच्या शेतांत, बाप्या एकही नव्हता. मॅडमनं दुलारीला बोनेटवर फॉर्म ठेवून तासभर शिकवलं: उत्तर सुचवायचं नाही, आपलं मत घालायचं नाही, बाई जे म्हणते तेच सांगायचं. दुलारी म्हणाली, "दीदी, मैं तो आज तक किसी का बोला वैसा का वैसा नहीं बताई." पण शिकली. मग मॅडमनं सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि दोघी चिखलात उतरल्या.

मी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर बसलो. तिथून बाया दिसत होत्या, शब्द ऐकू येत नव्हते. आधी सगळ्या वाकलेल्या होत्या. मग एक उभी राहिली. कमरेवर हात. मग दुसरी. दुलारीचा आवाज चढला, समोरचीचाही चढला, मग सगळ्या एकदम हसल्या. मी दुभाष्या, आणि मला एक अक्षर समजत नव्हतं. दोन तास एकजण हातानं वर टिकऱ्याकडे, मग खाली डोलीकडे दाखवत बोलत होती. तिचा पदर कमरेला खोचलेला होता. तोंड मी पाहिलं नाही, दुसरीकडे पाहत राहिलो. पण ती बिसाहिन असावी.

बावीसपैकी सोळा बाया त्या दिवशी खारात होत्या. संध्याकाळी मॅडमनं मला फक्त आकडे सांगितले. अकरा म्हणाल्या बी आम्ही ठरवतो, चार म्हणाल्या दोघं मिळून, एक म्हणाली आदमीच. तिच्या घरी खरंच आदमीच ठरवतो.

"बिसाहिन काय म्हणाली?"

"ते तुम्हाला सांगता येत नाही, काका. नियम आहे."

बरोबर होतं. मी पुढे विचारलं नाही.

मॅडम फॉर्म लावत होत्या तेवढ्यात मितान स्वतःच तलावावर आला. मी घरी गेलो नाही म्हणून आला होता.

"रिसा गे हस का?" रुसलास का?

मी म्हटलं, रुसलो नाही. पण तुझा टिकरा ट्रायलला देऊ नको. महिनाभर उशिरा येणारं बी तिथे वाळून जाईल, आणि दसऱ्याला घर काय खाईल?

मितान पचरीवर, म्हणजे तलावाच्या पायरीवर बसला. म्हणाला, "मैं जानत हंव, मितान."

"जानत हस?"

त्यानं सगळं सांगितलं. पाच वर्षांपूर्वी पाऊस मधेच तुटला तेव्हा बिसाहिननं माहेरून हलक्या धानाचं बी आणलं होतं. तेव्हापासून कोणत्या शेतात काय पेरायचं ते तीच ठरवते. मितान पेरणीआधी बायकोला विचारतो, बायको आत जाऊन बिसाहिनला विचारते, उत्तर त्याच वाटेनं परत येतं.

मी म्हटलं, "त कागज म अपन नाव काबर लिखाए?" मग कागदावर स्वतःचं नाव का घातलंस?

तो माझ्यावर खेकसला. "तोर आघू म, साहब मन के आघू म, छोटे भाई के बहू के नाव लेतेंव? जेठ हंव मैं!" भावजयीचं नाव तो चारचौघांत घेणार कसा? आणि टिकरा का देऊ केला? तर रस्त्याकडेची जमीन पाहिजे म्हणून माझ्या मॅडमनं विचारलं. मितानाच्या पाहुणीला नाही कसं म्हणायचं?

म्हणजे बायांची तोंडं माझ्यामुळे बंद, आणि बाप्याचं नाही म्हणणंही माझ्यामुळेच बंद. एका नारळात मी दोन्ही कामं केली होती.

मी म्हटलं, "आता सही बिसाहिनची होऊ दे. खालची डोली दे."

"गांव हांसही."

"मैं त नइ देखंव. एक हंसइया कम." मी पाहणार नाही, हसणारा एक कमी.

तो पचरीवरून उठला. मग म्हणाला, "डोली ले लव. दस्खत ओखरे ले करवा लव. फेर मोला झन बताबे." सही तिचीच घ्या, पण मला सांगू नको.

मॅडमनं रात्रीच सरांना कळवलं की प्लॉट रस्त्यावर नाही, तलावाच्या कडेला आहे. शुक्रवारी सकाळी गाडीत असताना सरांचा फोन आला.

"लेकिन बोर्ड तो दिखना चाहिए."

"सर, बोर्ड के पीछे धान भी खड़ा रहना चाहिए."

सर म्हणाले, "ठीक है. बारह बजे तक."

आणि फॉर्मांचं काय झालं? मॅडमनं पहिले बावीस फाडले नाहीत. दोन्ही गठ्ठे जोडून ठेवले आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की विचारणारा कोण होता त्यावर उत्तर बदललं. माझ्या चुकीला इंग्रजीत नाव आहे म्हणे, आणि जगभर लोक ती करतात. मी विचारलं, माझं नाव घातलं का? त्या म्हणाल्या, "नाही, फक्त 'दुभाष्या' असं लिहिलंय." मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. पुढच्या गावांना दुलारीच दुभाषी असते. मी गाडी चालवतो.

सह्यांचं राहिलं. शुक्रवारी अकरा वाजता बाकी सगळ्या सह्या झाल्या होत्या. बिसाहिनची बाकी होती. दुलारी तिला तलावापर्यंत घेऊन आली, पण मला पाहून ती बाभळीमागे थांबली. मॅडमनं घड्याळ पाहिलं. मी गाडीतून उतरलो, किल्ली तशीच ठेवली आणि पारीच्या खाली पाण्याजवळ जाऊन तलावाकडे तोंड करून उभा राहिलो. मागे कागद बोनेटवर पसरल्याचा आवाज आला. मॅडम म्हणाल्या, "यहां. पूरा नाम." मग बराच वेळ काहीच नाही. ती सावकाश लिहीत असावी. मग दुलारी ओरडली, "हो गे, भइया! अब घूम जा!"

मी वळलो तेव्हा तिथे दोघीच होत्या. बिसाहिन बांधावरून टिकऱ्याकडे निघाली होती.

इतकी वर्षं गाडी चालवली, पण हे फार उशिरा शिकलो. गाडी कुठे नेऊ नये आणि कुठे उभी करावी, ही निम्मी ड्रायव्हरी आहे.